सहाव्या बोटाचा दावा

गीताबाईची चार लेकरं पाळण्यातच गेली. पाचवं जगलं तेव्हा तिनं त्याचं नाव कडूबा ठेवलं, कारण गोड नावाचं लेकरू देवालाही लवकर आवडतं. या कडूबाच्या उजव्या हाताला जन्मतःच सहा बोटं. करंगळीच्या अंगाला एक जास्तीचं, लुळं, बिनहाडाचं, मुगाच्या शेंगेएवढं. सुईण म्हणाली, "घोड्याचा केस बांध वं, आठ दिवसांत गळून जाईन."

"चार लेकरं नेली त्यानं माही," गीताबाई म्हणाली. "आता चुकून एक बोट जास्तीचं देल्लं, तं तेही वापस करू? राहू दे."

बोट राहिलं. शाळेतले पोट्टे त्याला 'सहाबोट्या' म्हणून चिडवू लागले. गीताबाई स्वतः दीड वर्ष शाळेत गेली होती, ती दुसऱ्यांदा शाळेत गेली ती मास्तरला विचारायला, की पोट्ट्यांना पाचाच्या पुढं मोजता येतं ना, मग त्यात हसण्यासारखं काय आहे. त्या दिवसापासून मास्तरही कडूबाशी जपून बोलू लागला.

पिंपळगाव राजाहून खामगावकडे निघालं की फाट्यावर एक जिनिंग लागते. चंद्रशेखर शेटची. दिवाळी ते होळी कडूबा तिथं रेच्यावर असायचा. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणारं यंत्र. वरून मुठीमुठीनं कापूस सोडायचा, खाली सरकी गळते, पुढून रुई येते. शेडमध्ये अशा रेच्यांची लांबच लांब रांग.

शेट व्यवहाराला पक्का आणि शकुनाला त्याहून पक्का. मांजर आडवं गेलं तर कापसाची गाडी अर्धा तास फाटकात उभी. बारा वर्षांपूर्वी खंडेनवमीला, यंत्रांची पूजा चालू असताना, कडूबाचा हळदीनं भरलेला हात चुकून सात नंबरच्या रेच्याच्या पत्र्यावर पडला आणि सहा बोटांचा पंजा उठला. त्या साली शेटला असा भाव मिळाला की त्यानं घरावर मजला चढवला. तेव्हापासून रीतच पडली. खंडेनवमीला सकाळी शेटची जीप गीताबाईच्या दारात. कडूबानं अंघोळ करून जायचं, ताटातल्या हळदीकुंकवात हात बुडवून पंजा उठवायचा, मग शेट बटन दाबणार आणि कडूबा नव्या कापसाची पहिली मूठ सोडणार. पंजा वर्षभर पुसायचा नाही. पुढच्या खंडेनवमीला तो दुधानं धुवायचा आणि मगच नवा.

जे बोट शाळेत लाज होतं, ते जिनिंगमध्ये लक्ष्मी झालं. गीताबाई त्या दिवशी ओट्यावर बसून जीप येताना बघायची आणि शेजारणीला म्हणायची, "आमच्या कडूबाचं काही नाही बाई, नुसता हात लावून येते."

यंदा हात लावायला गेला आणि बोट ठेवून आला.

झालं असं. पंजा उठला. रेच्याला झेंडूची माळ घातलेली होती, तिच्यातलं एक फूल तुटून रोलरच्या फटीत पडलं. पहिल्या मुठीत फूल गेलं तर रुई डागाळेल, म्हणून कडूबानं ते काढायला हात घातला. शेटची नजर हातातल्या मोबाईलवर. मुहूर्त अकरा वाजून सात मिनिटांचा. सात झाले, शेटनं बटन दाबलं.

कडूबाची तर्जनी मुळापासून गेली. अंगठ्याशेजारची, सगळ्या कामाची.

लोक भेटायला आले. दहा जणांतले नऊ एकच म्हणाले, "ते जास्तीचं गेलं असतं तं बरं झालं असतं."

"रेच्याले मोजता येत असतं," गीताबाई म्हणाली, "तं तो शेटचा मुनीम नसता झाला?"

शेटनं आठ दिवस दवाखाना केला. नवव्या दिवशी त्याचा फोन बंद लागू लागला.

घरात नवीनच फजिती सुरू झाली. कडूबाला पायजम्याची नाडी बांधता येईना. बायको राखी सकाळी बांधून द्यायची आणि सुटू नये म्हणून गच्च दुहेरी गाठ मारायची. मग वावरात गेल्यावर त्याला तातडीची वेळ आली की तो कापसाच्या ओळीतून "राखी! राखी वं!" करत धावायचा आणि साऱ्या वेचणाऱ्या बाया तोंडाला पदर लावायच्या. राखीही हसायची. रात्री मात्र ती सासूला हळूच म्हणाली, "मामी, ते आता ओरडतच नाहीत. दिवसभर पानीच पेत नाहीत."

गीताबाईनं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी ठेवणीतलं लुगडं काढलं.

खामगावात मिठाईच्या दुकानाच्या वरच्या खोलीत मंजुश्री वकीलीण बसायची. वय अठ्ठावीस, काळा कोट नवा, त्याला खालच्या जिलबीचा वास. तिनं जिनिंगवर दावा लावला. महिन्याभरानं शेटकडून उत्तर आलं. मंजुश्रीनं ते वाचून दाखवलं. खंडेनवमीला जिनिंग बंद होती. हजेरीचं मस्टर दिवाळीनंतर सुरू होतं, त्यात अर्जदाराचं नाव नाही. अर्जदार त्या दिवशी प्रसाद घ्यायला आला होता आणि स्वतःच्या हलगर्जीपणानं यंत्राजवळ गेला. शिवाय डॉक्टरच्या दाखल्याप्रमाणे अर्जदाराच्या उजव्या हाताला आजही पाच बोटं शिल्लक आहेत, आणि पाच बोटं म्हणजे पूर्ण हात.

"पुन्हा वाच," गीताबाई म्हणाली.

मंजुश्रीनं पुन्हा वाचलं.

"अजून एकडाव."

तिसऱ्यांदा वाचल्यावर गीताबाई बोलली. "म्हंजे देवानं पोराले स्टेपनी देल्ली होती, म्हून यायनं टायर फोडलं तं चालते?"

मंजुश्रीला हसू आलं. "आजी, तसंच म्हणतायत ते. आणि तिथं हजर असलेला एकही साक्षीदार आपल्याकडे नाही."

"अन् ते 'प्रसाद' काय लिवलं? माहा पोरगा शिऱ्यासाठी हात पसरत गेला होता?" गीताबाईचा आवाज खाली दुकानापर्यंत गेला. "पैसे राहू दे एका बाजूले. तो शब्द खोडून दे मले. कामावर होता, असं कागदावर पाह्यजे."

"दोन्ही एकच आहे, आजी. कामावर होता हे ठरलं तरच भरपाई."

"मंग तं सोपं झालं. एकाच दगडानं दोन बोरं."

साक्षीदार एक होता. अब्दुल गनी, जिनिंगचा जुना फिटर. बटन दाबलं तेव्हा तो पान्हा घेऊन दोन हातांवर उभा होता, आणि तुटलेलं बोट रुमालात बांधून दवाखान्यात त्यानंच नेलं होतं. त्याची बायको सुगराबी वर्षानुवर्षं गीताबाईच्या ओळीला ओळ लावून कापूस वेचायची. गीताबाई त्याच्या घरी गेली. त्यानं खुर्ची दिली, चहा दिला, पण साक्षीचं नाव काढताच तो जमिनीकडे बघू लागला.

"गीताबाई, तीस साल झाले मले तथी. या वयात मले कोन ठेवीन?"

"मी कुठी म्हनलं नोकरी सोड? दोन शब्द तं बोलायचे."

"ते दोन शब्दच महाग आहेत ना."

आतून सुगराबी म्हणाली, "घरामंदी तं यायचं तोंड गिरनीवानी चालते. बाहेर गेलं का लाइट जाते."

अब्दुल गनीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग गीताबाईला फाटकापर्यंत सोडायला आला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "एक सांगू? पंजा अजून हाय. पुसला नाही शेटनं. हिंमतच नाही त्याची. या सीझनमंदी तीनदा पट्टा तुटला, एकदा मोटर जळाली. शेट म्हनते, बुढीचा तळतळाट लागला."

गीताबाई फाटकातच थांबली.

"तळतळाट? मी तं अजून देल्लाच नाही."

"त्याले कुठी मालूम हाय?"

अमावास्येच्या सकाळी गीताबाई जिनिंगच्या फाटकात उभी राहिली. ठेवणीतलं लुगडं, कपाळाला बुक्का, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात राखीचा मोबाईल. फोटो कसा काढायचा ते राखीनं घरी चारदा शिकवलं होतं. चारही वेळा गीताबाईचं नाक निघालं होतं.

कापसाच्या गंजीमागून शेट धावत आला. पन्नाशीचा माणूस, पण तिला बघून शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला.

"काय हो माय, कशी काय आली?"

"दर्शनाले आली."

"कोनाच्या?"

"माह्या पोराच्या हाताच्या. घरी तं तो आता पुरा नाही. पुरा फक्त तुह्याच घरी हाय."

शेड घरघरत होतं, रुईचे पुंजके हवेत उडत होते आणि काम करणारे सगळे कान टवकारून कापूस सोडत होते. शेट हलक्या आवाजात म्हणाला, "माय, कोर्टाचं कोर्टात. पण खरं सांग, तू यंत्राला काही बोलली तर नाहीस ना?"

"यंत्राले कायले बोलू? यंत्रानं बटन दाबलं काय?"

"तसं नाही. पट्टा तुटून राहिला ना सारखा."

"मंग नारळ फोडू दे. मायच्या मनात राग आहे का नाही, ते नारळ सांगीन."

शेट स्वतः पुढं होऊन तिला सात नंबरच्या रेच्याजवळ घेऊन गेला. पत्र्यावर पंजा होता. हळद काळवंडली होती, कुंकू विटलं होतं, पण सहाही बोटं स्वच्छ उठलेली. अंगठा, मग ती तर्जनी, सरळ, लांब, जिवंत. आणि टोकाला मुगाची शेंग. गीताबाई आली होती डाव मांडून, पण तो पंजा बघून क्षणभर तिला डाव सुचेना. पदराच्या टोकानं तिनं तर्जनीवर बसलेली रुई हळूच झटकली. हळदीला धक्का लागू दिला नाही.

मग तिनं नारळ फोडला. एका फटक्यात दोन सारखी भकलं. शेटनं हात जोडले.

"आता फोटो काढू दे एक. देव्हाऱ्यात ठेवीन. रोज हात जोडत जाईन, तं तुह्यावरचाही राग उतरत जाईन." तिनं मोबाईल वर धरला, बटन दाबलं आणि शेटला दाखवलं. "काय निघालं?"

"तुमचं नाक, माय."

"हे असंच होते. तूच काढून दे बाप्पा. तुह्या हाताले यश हाय."

अब्दुल गनी दोन रेचे पलीकडे तेल घालत होता. त्याची तेलाची कुपी तिथंच अडकली. पण शेटला राग उतरवून घ्यायची घाई होती. त्यानं मोबाईल घेतला, एक पाऊल मागं सरला, "माय, जरा बाजूला, उजेड येऊ द्या," असं म्हणाला आणि सात नंबरच्या पाटीसकट सहा बोटांचे तीन फोटो काढून दिले. वर अर्धा नारळही पिशवीत घालून दिला.

गीताबाई जाता जाता म्हणाली, "याले म्हनतात प्रसाद. यालेच. पोराच्या वेळी तुह्यानं शब्द चुकला."

तारखेच्या दिवशी कोर्टात न्यायाधीश साहेबांसमोर सगळे जमले. जिनिंगचा विमा उतरवलेल्या कंपनीच्या बाजूनं एक पांढऱ्या केसांचे वकील होते, आवाज दुधावरच्या सायीसारखा. त्यांनी कडूबाला हात वर करायला लावला.

"बोटं मोजा."

"पाच," कडूबा म्हणाला.

"माझी किती?"

"पाच."

"झालं, साहेब." वकील बसले.

मग शेट पिंजऱ्यात आला. मंजुश्रीनं फोटो पुढं केला. "हा कुणी काढला?"

शेटनं फोटो पाहिला. पंजा होता, पाटी होती, आणि कोपऱ्यात पुष्कराजाची अंगठी घातलेलं कुणाचं तरी बोट अर्धवट आलं होतं. शेटनं स्वतःचा हात हळूच पाठीमागं नेला.

"मीच काढला," तो म्हणाला. "माय म्हणाली म्हणून."

विम्याचे वकील लगेच उठले. त्यांचा चेहरा हलला नाही, हे मानलं पाहिजे. ते मऊ आवाजात म्हणाले, "शेटजी, नीट आठवा. हा पंजा गेल्या वर्षीचाही असू शकतो. हो ना?"

'हो' म्हटलं असतं तर दावा तिथंच बसला असता. कडूबानं मान खाली घातली. पण शेटनं 'गेल्या वर्षीचा' हे शब्द ऐकले आणि त्याला विंचू चावल्यासारखं झालं.

"गेल्या वर्षीचा? वकीलसाहेब, जुना पंजा ठेवून मी नवा सीझन चालू करीन? वाटोळं होईन ना माझं! पाच लिटर दुधानं धुतला मी. हा याच खंडेनवमीचा. मी स्वतः जीप धाडली त्याला आणायला!"

"शेटजी..."

"नाही, नाही. देवाच्या कामात खोटं नाही चालत. दुसरं काहीही विचारा."

मंजुश्रीनं विचारलं. "म्हणजे बोलावणं तुमचं. पंजा उठवून पहिली मूठ सोडायची, हे त्यानंच करायचं?"

"त्यानंच. दुसऱ्याचा पंजा म्हणजे डाग."

"आणि त्याबद्दल काय देता?"

"नारळ, टोपी, अन् दिवसाची पुरी हजेरी."

"प्रसादाला आलेल्या माणसाला हजेरी?"

शेट जरा चिडूनच म्हणाला, "मॅडम, तुम्हाला रीत माहीत नाही. फुकटचा शकुन फळत नाही. हाताची हजेरी दिलीच पाहिजे. बारा वर्षं देतो मी."

विम्याचे वकील खाली बसले आणि चष्मा पुसू लागले. तो बराच वेळ पुसला.

साहेबांनी लिहून घेतलं. मग मान वर करून म्हणाले, "तरी शिल्लक बोटं पाच आहेत, त्याचं काय?"

मंजुश्री उठायच्या आत मागून गीताबाई उठली. शिपायानं "आजी, बसा" म्हटलं, पण असं म्हणणारे शिपाई तिनं फार पाहिले होते.

"साहेब, मले नऊ महिन्यांचं पाच डाव ओझं झालं. चार गेले. हा एक राह्यला. तवा लोक म्हनले, एक तं हाय ना. तेव्हाही मले समजलं नाही ते 'हाय ना' काय असते. जे गेलं ते कोनतं होतं, हे पाहायचं का जे राह्यलं ते मोजायचं?" ती थांबली आणि मग आवाज नेहमीच्या जागी आणला. "अन् ते सहावं बोट पाह्यजे असन तं या वकीलसाहेबाले द्या. नाडी बांधून दाखवा म्हना त्याच्यानं."

साहेबांनी हसू दाबलं. आपला पेन काढून कडूबाच्या हातात दिला. "नाव लिहा."

कडूबानं अंगठा आणि मधल्या बोटात पेन धरला. 'क' चा दांडा ओढला, पेन निसटला, टेबलावरून गडगडत विम्याच्या वकिलांच्या पायाशी गेला. मुगाची शेंग तेवढी बाजूला हलत राहिली. वकिलांनी वाकून पेन उचलला आणि साहेबांना परत दिला.

निकाल उन्हाळ्यात लागला. मंजुश्रीनं आधी रक्कम सांगितली.

"ते राखीले सांग. मले ते दुसरं वाच."

"'अर्जदार कामावर असताना जखमी झाला हे सिद्ध होते.'"

"पुन्हा."

तिनं पुन्हा वाचलं.

"अजून एकडाव वाच, बाई. खालच्या जिलबीवाल्यालेही आयकू जाऊ दे."

पुढच्या खंडेनवमीला जीप आली. यंदा आत शेट स्वतः होता, मांडीवर टोपी आणि नारळ.

"माय, पंजा पाहिजे."

"आता पाचाचाच हाय."

"मी विचारलं पंडितजीला. हात तोच आहे, चालतो म्हणाले."

"तुले चालते. माह्या पोराले चालते का, ते इचार."

शेटनं कडूबाकडे पाहिलं. कडूबा म्हणाला, "मस्टरवर नाव पाह्यजे. आजच्या तारखेत. हात लावायच्या आधी."

गीताबाईनं पोराकडे वळून पाहिलं. हे तिनं शिकवलेलं नव्हतं.

"अन् मी संग येतो," ती म्हणाली. "लुगडं बदलू दे."

जिनिंगमध्ये कोऱ्या मस्टरच्या पहिल्या ओळीत कडूबाचं नाव पडलं. गीताबाईनं अक्षर न् अक्षर बोट ठेवून वाचलं. त्यात दहा मिनिटं गेली, आणि शेट तीनदा मुहूर्त बघून आला. मग तिनं अब्दुल गनीला हाक मारली. "गनीभाऊ, फ्यूज काढा."

अब्दुल गनीनं शेटकडे पाहिलंच नाही. फ्यूज काढला आणि तिच्या हातावर ठेवला. तिनं तो कनवटीला खोचला.

कडूबानं ताटात हात बुडवला आणि सात नंबरच्या पत्र्यावर टेकवला. अंगठा उठला, मग कोरी जागा, मग तीन बोटं आणि शेंग. त्या कोऱ्या जागेतून सकाळीच दुधानं धुतलेला पत्रा चमकत होता. शेटनं तिकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

माळेतलं एक फूल रोलरच्या फटीत पडलं होतंच. कडूबानं वाकून डावा हात आत घातला.

"माय, मुहूर्त चालला," शेट कळवळून म्हणाला.

"मंग दाब ना. कोनं धरलं तुले?"

शेटनं बटन दाबलं. पुन्हा दाबलं. रेचा गप्प. कडूबा सावकाश फूल सोडवत होता, एकेक पाकळी. अकरा वाजले, अकरा वाजून चार झाले, शेटच्या कपाळावरचा गंध ओघळला.

कडूबानं फूल बाहेर काढलं.

"दोन्ही हात दाखव," गीताबाई म्हणाली.

चाळीशीला टेकलेल्या माणसानं सगळ्या शेडसमोर हात पुढं केले. तिनं डाव्या हाताची बोटं मोजली, पाच. मग हळदीनं ओला उजवा हात आपल्या हातात घेऊन एकेक बोट चिमटीत धरून मोजलं, शेंगही सोडली नाही.

"पाच," ती म्हणाली, आणि कनवटीचा फ्यूज काढून अब्दुल गनीच्या हातात दिला.